घोड्याच्या पायाखालची जमीन

भरधाव धावणारा घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. आपण चार जिने चढून वर आलो की आ वासून धापा टाकतो. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी आहे की फुप्फुसांकडे जाणारी वाट फक्त नाकपुड्यांतून निघते. शिवाय चौखूर उधळलेल्या घोड्याचा श्वास त्याच्या मर्जीवरही राहत नाही, तो पायांना बांधला जातो. पुढच्या पायांवर अंगाचा भार आला की हवा बाहेर, अंग उचलून ताणलं गेलं की हवा आत. एक झेप, एक श्वास. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत इंडियन डर्बी ही शर्यत होते, तिचं अंतर 2400 मीटर. चांगला घोडा ते अडीच मिनिटांत कापतो. तेवढ्यात तो साडेतीनशेच्या वर झेपा टाकतो आणि जवळपास तितकेच श्वास घेतो.

आत काय चालू असतं ते त्याहून अद्भुत आहे. शांत उभ्या असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला 30 ते 40 ठोके देतं. शर्यतीत हा आकडा 220 च्या वर जातो. माणसाचं हृदय एवढी पटीतली उडी कधीच घेत नाही. आणि तेवढ्यानेही भागत नाही म्हणून घोड्याने एक साठा बाळगलेला असतो. प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, आपल्याला मलेरियात सुजणारा अवयव म्हणूनच माहीत. घोड्याच्या पानथरीत तांबड्या रक्तपेशी राखीव ठेवलेल्या असतात. धावायची वेळ आली की ती आकसते आणि तो साठा रक्तात सोडून देते. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या पुढे जातं. रक्त अक्षरशः घट्ट होतं. खेळाडू चोरून रक्त चढवून घेतात आणि पकडले जातात. घोड्याला निसर्गाने तीच गोष्ट जन्मतः देऊन ठेवली आहे.

आता पाय. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, मधल्या बोटाच्या नखावर. खूर म्हणजे ते नख. गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, कातडं आणि लांब कंडरा, एवढाच ऐवज. पाय टेकला की कंडरा ताणलेल्या रबरासारखी ऊर्जा साठवते आणि पाय उचलताना परत देते. ह्या ताणण्या-आकसण्याने कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत चढतं. शर्यतीचा घोडा साधारण 450 ते 500 किलोचा. वेगात असताना एका क्षणी त्याचा एकच पाय जमिनीवर असतो, आणि त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. एक टनाहून जास्त भार, माणसाच्या तळहाताएवढ्या खुरावर, सेकंदाच्या लहानशा अंशापुरता. मग पुढचा पाय.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, इतकं ते भराभर घडतं. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, ह्यावर जगभर वाद होते. अखेर जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड माइब्रिज ह्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावले आणि सॅली गार्डनर नावाच्या घोडीला त्यांच्यासमोरून पळवलं. पाय हवेत असतात, पण चित्रकार शतकानुशतकं काढत आले तसे पुढे-मागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. चलच्चित्राचा जन्म शर्यतीच्या घोड्याच्या पायांतून झाला, असं म्हणायला हरकत नाही.

एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण म्हणजे घोड्याच्या पायाखालची जमीन. अशा प्राण्याला पूर्ण वेगाने, पाय न मोडता धावता येईल अशी जमीन सहज मिळत नाही. ती वर्षानुवर्षं राखावी लागते. भारतात थरोब्रेड घोड्यांच्या अधिकृत शर्यतींची मैदानं अगदी अलीकडेपर्यंत जेमतेम नऊ होती: मुंबई, पुणे, कोलकाता, बेंगळुरू, मैसूर, हैदराबाद, चेन्नई, उटी आणि दिल्ली. 140 कोटींच्या देशात नऊ. त्यांतलं एक छोटं, डोंगरातलं, उटीचं, 2024 मध्ये बंद झालं. उरलेल्यांपैकी काहींच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. मला वाटतं, ही मैदानं जाताना त्यांच्याबरोबर नेमकं काय जातं हे आपण, विशेषतः ज्यांचा रेसशी कधीच संबंध आला नाही अशांनी, एकदा नीट समजून घ्यायला हवं.

रेसकोर्सची हिरवळ म्हणजे बागेतली लॉन नव्हे. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली पाहिजे, पण इतकी घट्ट नाही की खूर आपटून हाडाला चीर जाईल. खूर थोडा रुतला पाहिजे, पण इतका नाही की कंडरा तुटेल. ह्या दोन टोकांच्या मधला पट्टा फार अरुंद आहे. म्हणून शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटर नावाचं साधं उपकरण घेऊन माणसं ट्रॅकवर ठिकठिकाणी फिरतात: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं आणि सळई मातीत किती शिरली ते मोजायचं. तो आकडा जाहीर होतो आणि ट्रेनर त्यावरून ठरवतात, आपला घोडा आज ह्या जमिनीवर पळवायचा की नाही. एकाच पट्ट्यावर सतत टापा पडून गवत मरू नये म्हणून आतला कठडा सरकवतात. वळणावर जमीन बाहेरच्या अंगाला किंचित उचललेली असते. पाणी किती द्यायचं, कधी द्यायचं, हा तर स्वतंत्र अभ्यास. एक चांगला ट्रॅक तयार व्हायला वर्षं लागतात.

मुंबईच्या पावसात हे गणित कोलमडतं. म्हणून पश्चिम भारताच्या रेसिंगने फार पूर्वीपासून एक देखणी तोड काढली आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. पावसाळ्यात शर्यती घाटावर, पुण्याला. घोडे, ट्रेनर, जॉकी, सईस, नालबंद, वैद्य, चारा, खोगिरं असा सगळा लवाजमा वर्षातून एकदा बोरघाट चढतो आणि एकदा उतरतो. धनगरांचे कळप ऋतू पाहून कोकणात उतरतात नि परत देशावर जातात, तेच तत्त्व इथे शर्यतीच्या घोड्यांना लागू झालं आहे. तामिळनाडूत हीच भूमिका उटीची होती: मैदानी उन्हाळा असह्य झाला की चेन्नईचे घोडे निलगिरीत.

मैदान गेल्यावर मागे काय उरतं हे बघायचं तर आपल्या मराठी संस्थानांकडे पाहा. कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे. बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात रेसकोर्स रोड आहेत. गायकवाड, होळकर, शिंदे आणि कोल्हापूरचे छत्रपती हे सगळे घोडदळाच्या जोरावर उभे राहिलेले; घोड्याची पारख त्यांच्या घरात होती. 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल ह्या घोडीने जिंकली. आता ह्या गावांत नाके आहेत, रस्ते आहेत, त्यांवर रिक्षाचे थांबे आहेत. नाव सांगणाऱ्यालाही आपण घोड्यांबद्दल काही बोललो असं वाटत नाही. शर्यतीचं मैदान जातं तेव्हा ते इतकं पुसून जातं.

उटीचं मैदान असंच जाताना आपण पाहिलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 2200 मीटर उंचीवर, गावाच्या अगदी मध्यावर, बसस्थानकाला लागून सुमारे 52 एकरांचं. 1886 पासून तिथे शर्यती होत होत्या. भाडेपट्ट्याची मुदत आणि थकीत भाडं ह्यांवरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि जून 2024 मध्ये तामिळनाडू सरकारने जागा ताब्यात घेतली. त्याच सप्टेंबरात चेन्नईच्या गिंडीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा रद्द करून सरकारने तिथेही ताबा घेतला. गिंडीला अठराव्या शतकापासून घोडे धावत आले आहेत. हीच हवा परदेशातही आहे. मकाऊचा जॉकी क्लब मार्च 2024 च्या शेवटच्या शर्यतीनंतर मिटला; सिंगापूरने 5 ऑक्टोबर 2024 ला शेवटची शर्यत घेतली आणि 180 वर्षांचा खेळ थांबवला, कारण सरकारला घरांसाठी जमीन हवी होती.

छोटी मैदानं गेल्याने काय बिघडतं? मोठी आहेतच की. पण छोटं मैदान ही ह्या खेळाची शाळा असते. रेसमध्ये हँडिकॅप नावाची एक विलक्षण पद्धत आहे. जो घोडा चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन, जो कमी त्याच्यावर कमी. जॉकी हलका पडला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात, शर्यतीआधी आणि नंतरही त्याला काट्यावर उभं करतात. हँडिकॅप ठरवणाऱ्याचं स्वप्न असं, की सगळे घोडे एकाच क्षणी रेषेवर यावेत. म्हणजे जिथे निकाल लावायला फोटोची गरज पडते, तिथे त्याचं काम फत्ते. पण ह्या पद्धतीला घोडे पाहिजेत, बरेच आणि सगळ्या दर्जाचे. डर्बीच्या लायकीचा घोडा शेकड्यांत एखादा. बाकीच्यांनी कुठे धावायचं? सतरा-अठरा वर्षांच्या शिकाऊ जॉकीने पहिल्या चुका कुठे करायच्या? ह्याचं उत्तर छोटं मैदान. ऑस्ट्रेलियात आजही तीनशेहून अधिक रेसकोर्स आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. क्वीन्सलँडच्या वाळवंटाच्या कडेला बर्ड्सव्हिल हे शंभरेक वस्तीचं गाव आहे. तिथे 1882 पासून शर्यती होतात आणि त्या दोन-तीन दिवसांत हजारो माणसं कुठून कुठून येऊन मुक्काम ठोकतात. आपली यात्राच ती.

आणि माणसं. रेस म्हटलं की आपल्याला टोप्या घातलेल्या बायका आणि पैज लावणारे पुरुष दिसतात. खरं रेसकोर्स पहाटे असतं, उजाडायच्या आधी, तबेल्यात. सईस घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवतो. काल रात्रीपेक्षा एखादी कंडरा किंचित जास्त गरम लागते का, हे तो तळव्याने ओळखतो. थर्मामीटर नंतर येतो, डॉक्टर त्याच्याही नंतर. घोडा दुखणं लपवणारा प्राणी आहे, कारण जंगलात लंगडणारा पहिला मारला जातो. त्यामुळे त्या हाताला फार मोल आहे.

नालबंदाचं काम तर थांबून पाहावं असं. घोड्याचा पाय तो स्वतःच्या मांड्यांमध्ये धरतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून चार-पाच आठवड्यांनी जुना नाल काढून, खूर तासून नवा ठोकावा लागतो. शर्यतीसाठी नाल अ‍ॅल्युमिनियमचा, अगदी हलका. खुराच्या बाहेरच्या भिंतीत वेदना नसते, आत जिवंत भाग असतो, आणि दोघांच्या मध्ये अंतर काही मिलिमीटरांचं. खिळा त्या बाहेरच्या भिंतीतून तिरका चढून वरच्या अंगाला बाहेर निघाला पाहिजे. नालबंद डोळ्यांनी काम करतो त्याहून जास्त कानांनी करतो: हातोडीचा आवाज टणक येतोय तोवर खिळा योग्य वाटेवर आहे, आवाज मऊ पडला की तो थांबतो, खिळा उपसतो, पुन्हा घालतो. अर्धा सेंटिमीटर चुकला तर पाचशे किलोचा जीव लंगडा. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला. घोड्यांचे हाल पाहता तो योग्यच होता. पण त्यानंतर ह्या शहरात नालबंदाला पोटापुरतं काम उरलं ते मुख्यतः महालक्ष्मीलाच. ही विद्या पुस्तकात नाही. ती बापाकडून मुलाकडे, वस्तादाकडून चेल्याकडे, हाताला हात लावून जाते. पांडू खाडे, वसंत शिंदे ह्यांच्यासारखे नामांकित मराठी जॉकी ज्या जगातून आले, ते हे जग.

ह्या घोड्यांचं एक ऋण तर आपल्यातल्या बहुतेकांच्या दंडावर आहे. पुण्याजवळ पूनावाला कुटुंबाने 1946 मध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी स्टड फार्म सुरू केला. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाला जगात कुठेही मान्यता नाही, त्यामुळे नर, माद्या, शिंगरं, कुरणं असं सगळं प्रत्यक्ष बाळगावं लागतं. तिथले निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचत गेलं की त्याचं रक्त त्यावर उतारा तयार करतं. ते रक्त थोडं काढून, त्यातला द्रव वेगळा करून धनुर्वातावरचं औषध बनतं. आपल्याच घोड्यांपासून हे होतं तर ते आपणच का करू नये, ह्या विचारातून सायरस पूनावाला ह्यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. कोविडच्या साथीत तुम्ही-आम्ही रांगेत उभं राहून टोचून घेतलेली कोविशील्ड तिथली. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तातूनच येतं.

ह्याच्या विरुद्धची बाजू खरी आहे आणि मी ती हलकी करणार नाही. रेसच्या नादाने घरं बुडाली. गिरणगावात, लालबाग-परळला अशी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांचा राग समजण्यासारखा आहे. घोडे पडतात, पाय मोडतात, आणि मोडलेला पाय बहुधा जुळत नाही, कारण तीन पायांवर घोडा महिनोन्‌महिने उभा राहू शकत नाही. चाबकावर जगभर निर्बंध येत आहेत ते उत्तमच. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला. पण कौशल्य घोड्याचं आणि जॉकीचं, पगार हरणाऱ्याचं नव्हे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तरीही जे मैदानांना मारतं आहे ते हे आक्षेप नव्हेत. मारते आहे ती जमिनीची किंमत, आणि कर. पूर्वी क्लबाला पैजेच्या रकमेतून थोडी वळती मिळे आणि त्यावर ट्रॅक, तबेले, बक्षिसं चालत. जीएसटी आला तो पैजेच्या संपूर्ण रकमेवर 28 टक्क्यांनी. सप्टेंबर 2025 पासून हा दर 40 टक्के झाला आहे. क्लबांचं म्हणणं असं की ह्याने खेळणारा सुटत नाही, तो अधिकृत खिडकी सोडून बेकायदा बुकीकडे जातो, आणि बुकी गवताला पाणी घालत नाही. मला हे पटतं. जुगार कमी व्हावा म्हणून लावलेल्या कराने जुगार राहतो आणि घोडा जातो, असं होत असेल तर त्या कराचा फेरविचार व्हायला हवा.

आपल्या गावांकडे मात्र चित्र वेगळं आहे, आणि मला तिथे आशा दिसते. माथेरानला मोटारी नाहीत. बरीचशी ये-जा घोड्यांवर. तिथल्या डोंगरमाथ्यावर ऑलिंपिया रेसकोर्स नावाचं मैदान आहे आणि त्यावर घोडेवाल्यांनी आपल्याच, रोज पर्यटक वाहणाऱ्या घोड्यांच्या शर्यती लावल्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातून घोडे येतात, चाल दाखवतात, धावतात. आणि ज्या काटक तट्टांवर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली त्या भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली. तीनशे वर्षं आपण ज्याच्या पोवाड्यांत राहिलो, त्याची सरकारी कागदावर नोंद व्हायला एवढा काळ गेला.

पण खरी थक्क करणारी गोष्ट आहे ती जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ ह्या तालुक्यांतली. पवई, विक्रोळी, भांडुप, घाटकोपर ह्या आमच्या पट्ट्यात ह्या तालुक्यांतून आलेली कितीतरी घरं आहेत, आणि गावच्या यात्रेला सुट्टी टाकून जाणं हे त्यांच्यात अजून ठरलेलं असतं. तिथे बैलगाड्यांचे घाट आहेत. घाट म्हणजे चढाचा, सरळ, दगड वेचून साफ केलेला पट्टा. गाड्याला बैलांच्या दोन जोड्या: पुढे जुकाटाची, मागे धुरेची. गाड्यावर कुणीही बसत नाही. आणि बैलांच्या पुढे धावते घोडी, पाठीवर स्वार घेऊन. बैल तिच्यामागे झेपावतात. निशाण पडतं, भोंग्यातून आरोळी उठते, आणि काही सेकंदांत बारी संपते. घड्याळात सेकंदाचे शतांश मोजले जातात. ज्याची वेळ सगळ्यांत कमी तो घाटाचा राजा. एक प्राणी दुसऱ्या जातीच्या प्राण्याचा वेग पाहून स्वतःचा वेग काढतो, हे दृश्य शर्यतींच्या जगात विरळाच सापडेल.

हे घाटही बंद पडले होते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. युक्तिवादातला एक मुद्दा शरीररचनेचा होता: घोडा धावण्यासाठी घडलेला आहे, बैल तसा नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करायला समिती नेमली, नियम बांधले: अंतर 1000 मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, काठी-चाबूक-विजेचा धक्का ह्यांना मनाई, आणि छळ झाला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं गावांनी घाट नांगरले नाहीत, त्यांवर घरं बांधली नाहीत. खिल्लार बैल विकले गेले, पैदास घटली, पण जमीन राखून ठेवली. म्हणून शर्यत परत येऊ शकली. उटीत आता कुणी परवानगी दिली तरी धावायचं कुठे?

हाच प्रश्न महालक्ष्मीला आहे. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत. 1883 पासून त्या महालक्ष्मीच्या सखल जागेवर आल्या. एकूण क्षेत्र 211 एकर. 99 वर्षांचा भाडेपट्टा मे 2013 मध्ये संपला आणि दहा वर्षं सगळंच अधांतरी राहिलं. 2024 मध्ये निर्णय झाला: 120 एकर महापालिकेकडे, त्यावर सर्वांसाठी सेंट्रल पार्क, 91 एकर, म्हणजे ट्रॅक आणि त्याचा परिसर, क्लबकडे. मला हा निर्णय वाईट वाटत नाही. एवढी मोठी मोकळी जागा मूठभर सभासदांपुरती राहणं योग्य नव्हतं. फक्त उद्यानाखाली, उद्यानाशेजारी पुढे काय काय उगवेल ह्यावर लोकांचं लक्ष राहिलं पाहिजे.

त्याआधी 2023 मध्ये रेसकोर्स आमच्याकडे, मुलुंडच्या बंद झालेल्या कचराभूमीवर हलवावं अशी चर्चा निघाली होती. नकाशावर ते सोपं दिसतं. पण पेनेट्रोमीटर आठवा. पन्नास वर्षं साचलेला कचरा वर्षानुवर्षं खाली बसत राहतो, कुठे चार बोटं, कुठे हातभर, आणि आतून वायू सोडतो. त्यावर एका पायावर टनभर भार घेऊन धावणारा प्राणी सोडायचा? स्थानिकांनी विरोध केला, चर्चा मागे पडली, ते घोड्यांच्याही भल्याचं झालं.

मी पवईकर आहे. आमच्याकडे घोडा दिसतो तो फक्त वरातीत. पण जागेचा स्वभाव न ओळखता तिच्यावर काही लादलं तर काय होतं हे आम्ही तलावाकाठी पाहिलं आहे. 1891 पासूनच्या ह्या तलावाभोवती सायकल ट्रॅक बांधायला काढला होता. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. पाणथळ जागा पाणथळ म्हणूनच मोलाची असते, हे तेव्हा कोर्टाला सांगावं लागलं. महालक्ष्मीच्या जवळपास दीडशे वर्षं जुन्या हिरवळीबद्दलही तेच सांगायची वेळ येऊ नये.

महापालिकेने उद्यान करताना तबेल्यांच्या आणि ट्रॅकच्या बाजूला उंच भिंत घालू नये. पहाटेचा सराव, नालबंदाचं काम, पशुवैद्यांचा दवाखाना हे सगळं सुरक्षित अंतरावरून शाळांच्या सहलींना पाहता यावं, अशी सोय आराखड्यातच धरावी. क्लबनेही दार उघडावं. मुंबईतला अमॅच्युअर रायडर्स क्लब तिथेच मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. ते शिक्षण महापालिकेच्या शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचेल अशी योजना दोघांना मिळून काढता येईल. आपल्याला करण्याजोगं तर अगदी सोपं आहे: कांजूरमार्गहून दादर, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी. एक पैसाही न लावता, मुलांना घेऊन, सकाळी जा. त्या 91 एकरांचा करार 2053 मध्ये संपतो. आज पहिलीत बसलेली मुलं तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असतील, आणि त्या जमिनीचं पुढे काय करायचं हे त्यांना ठरवायचं आहे. त्यांना घोडे आत्ताच दाखवा.